नाक जानकीचं, जीभ गुरुदासची

गुरुदास मयेकरनं उभी हयात बोटीवर लोकांच्या पेल्यांत वाइन ओतण्यात घालवली, आणि त्याच्या बायकोनं, जानकीनं, तिचा थेंबही कधी जिभेला लावला नव्हता. त्याला कारण असं काही नव्हतं. गुरुदास वर्षातून दोन महिने मालवणात घरी यायचा. तेवढ्यात कौलं परतायची, माडांना आळी करायची, भावकीतली लग्नं उरकायची. वाइनचं नाव काढायला सवड कुणाला? त्याचं काम कसं असतं ते जानकीनं कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. गावात मात्र सगळे त्याला 'वाइनवालो गुरुदास' म्हणायचे. भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजावर तो केबिनी झाडायला लागला होता, आणि वाइनचा मुख्य स्टुअर्ड म्हणून उतरला. नुसत्या वासावर वाइन कुठल्या देशाची ते सांगतो, असं त्याच्याबरोबरचे लोक घरी आले की सांगत. गुरुदास तेव्हा सुपारी कातरत बसायचा, पण कान लाल व्हायचे.

मग करोना आला. जहाजं बंदराला लागली आणि गुरुदास कायमचा घरी आला. त्याच साथीत तो आजारी पडला, बरा झाला, सगळं जागच्या जागी आलं. फक्त नाक आलं नाही.

ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही लपवली. तिला ती कळली एका मेलेल्या उंदरामुळे. जानकी दोन दिवस माहेरी, नांदगावला गेली होती. परत आली तर दारातच तिला पदर नाकाला लावावा लागला. माजघरातल्या कपाटामागे उंदीर मरून पडला होता, आणि त्याच कपाटाला पाठ टेकून गुरुदास निवांत पेपर वाचत होता.

"इलंस?" तो म्हणाला. "जरा चाय टाक."

जानकी त्याच्याकडे बघतच राहिली. मागच्या काही महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी तिला एकदम आठवल्या. उतू जाऊन करपलेलं दूध, हिंग दुप्पट पडलेली आमटी, जरा शिळीच निघालेली सुरमई. सगळ्याला गुरुदास "बरां झाला" म्हणाला होता.

"कोणाक सांगू नको," त्या दिवशी उंदीर बाहेर टाकून आल्यावर तो म्हणाला. तिनं सांगितलं नाही. डॉक्टर झाले, वाफारे झाले, कुणी सांगितलं म्हणून रोज सकाळी लवंग हुंगणं झालं. शेवटी दोघांनीही तो विषय सोडून दिला.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी अक्षया तांडेल स्कूटरवरून आली. देवबागला खाडीच्या काठावर तिचं सहा खोल्यांचं पर्यटक निवास आहे. मुलगी हुशार आणि धडपडी. आल्या आल्या तिनं पिशवीतून तीन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"काकानू, नाशकातली एक वाइनवाली माझ्याकडे जेवण करूया म्हणता. तिची लाल वाइन आणि आपला मालवणी जेवाण. पुण्या-कोल्हापूरचे पावणे येतले. परवानगीचा सगळा झालाहा. कशाबरोबर काय वाढूचा ता मात्र तुमीच सांगुक व्हया. मालवणात दुसऱ्या कोणाक कळता?"

"सांगतंय मा," गुरुदास म्हणाला.

जानकी चहा घेऊन येत होती ती उंबऱ्यातच थांबली. अक्षया चहा पिऊन, जेवणाचा दिवस सांगून, स्कूटर वळवून गेली. फाटकाचा आवाज झाला तशी जानकी म्हणाली, "तुमका खुळ लागला काय? मेलेल्या उंदराचो वास येणा नाय, आणि वाइनीचो येतलो?"

गुरुदासनं एक बाटली उचलून उजेडात धरली.

"ह्या गावात माका दुसऱ्या कशासाठी ओळखतत गो?" तो हळूच म्हणाला.

जानकी चहाचे कप गोळा करायला लागली.

"तू वास घे आणि माका सांग," तो म्हणाला. "बाकीचा मी बघतंय."

"उद्या सोमवार आसा," जानकी म्हणाली. "सोमवारी मी असला काय तोंडात घेवचंय नाय."

म्हणजे मंगळवारी घेणार, हे गुरुदासला कळलं. तो उठून माळ्यावरची पेटी काढायला गेला.

पेटीत कागदात गुंडाळलेले लांब दांड्याचे पेले होते. मंगळवारी दुपारी त्यानं ते गरम पाण्यानं धुतले, पंच्यानं पुसले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. बाटली त्यानं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली होती.

"लाल वाइन थंड करूची नाय, खोलीत असता तशीच देवची, असा म्हणतत," तो म्हणाला. "पण ती खोली फ्रान्समधली, मालवणातली न्हय. हंयच्या उकाड्यात ती काढ्यासारखी लागतली."

त्यानं पेल्यात थोडी ओतली, पेला गोल फिरवला आणि तिच्या नाकाखाली धरला. जानकीनं वास घेतला.

"दारू," ती म्हणाली.

"ता झालाच. त्येच्या मागे काय आसा?"

तिनं पुन्हा नाक खुपसलं. ह्या वेळी डोळे आपोआप मिटले. "जांभूळ," ती म्हणाली. "पण झाडावरचा न्हय. खाली पडून पायाखाली चेचलेला."

गुरुदास पुढे सरकला. "आणि?"

"मिरी. सुकवलेली." मग तिला जरा विचार करावा लागला. "कोकमां करूक रातांब्याची साल उन्हात घालतंय मा, तिचो दुसऱ्या दिवशीचो वास. आणि नव्या दाराचो. फणसाचा लाकूड तासल्यावर येता तसो."

"ओकच्या पिंपात ठेवलेली आसा, म्हणान लाकूड," गुरुदास म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मिरी शिराझ द्राक्षांची. शिराझ हुंगली की पहिल्यांदा मिरीच समोर येवची. माका आठवता." मग तो बोलतच सुटला. ही वाइन एका जातीच्या द्राक्षांची नाही, तीन जातींची आहे. नाशिकजवळ दिंडोरीच्या टेकड्यांच्या उतारावर ही द्राक्षं होतात. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे गोडी चढते पण आंबटपणा मरत नाही. शिराझ अंगाला भरलेली, तीच जास्त. कॅबर्ने कडक, तिच्यामुळे वाइनला कणा येतो. आणि ग्रेनाश मऊ, फळाचा गोडवा देणारी, ती थोडीच. प्रत्येकीची वाइन वेगळी करायची आणि मग प्रमाणात मिसळायची.

"म्हणजे वड्याचा पीठ," जानकी म्हणाली. "तांदूळ जास्ती, उडीद आकार धरूक, आणि धणे-मेथी वासाक."

गुरुदासनं कपाळाला हात लावला. "इतकी वर्षां गोऱ्या लोकांक समजावन सांगताना जीभ दुखली. ह्या माका कधी सुचला नाय."

जानकीला हसू आलं. तिनं पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तुरट. कच्चा केळा खाल्ल्यासारख्या जिभेक धरता."

"बघूया," म्हणून गुरुदासनं तिच्या हातातला पेला घेतला आणि नुसत्या सवयीनं एक घोट तोंडात घोळवला. बोटीवरून उतरल्यापासून त्यानं वाइनला स्पर्श केला नव्हता. आता त्याचा हात थांबला. त्यानं दुसरा घोट घेतला.

"काय झाला?" जानकीनं विचारलं.

"तुरटपणा पुढच्या दातांमागे बसता," तो सावकाश म्हणाला. "ती कॅबर्ने. आंबट बेताची. घशात जाताना मऊ होता, ती ग्रेनाश." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "जीभ गेलेली नाय गो. नाकच तेवढा गेला. माका वाटला होता, सगळाच गेला."

त्यानं चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या. जानकीनं दुसऱ्या पेल्यात थोडी ओतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

त्यानंतरचे दिवस मयेकरांच्या स्वयंपाकघरात चूल थंड म्हणून झाली नाही. जानकी एकेक पदार्थ करायची, आणि दोघं समोरासमोर बसून एक घास, एक घोट असं चालायचं. पहिला मान बांगड्याच्या घट्ट तिखट कालवणाला, तिखल्याला मिळाला, कारण जानकीच्या हातच्या तिखल्याला, त्यातल्या तिरफळाच्या वासाला, सगळं गाव नावाजतं. तिनं घास खाल्ला, वर घोट घेतला आणि उठून न्हाणीत जाऊन थुंकली.

"नळाची तोटी चोखल्यासारख्या लागला," ती म्हणाली.

"बांगड्याचा तेल आणि लाल वाइन, दोघांचा जमणा नाय," गुरुदास म्हणाला. "लाल वाइन मटणाबरोबर, माशाबरोबर पांढरी. आमका पहिल्या दिवशी ह्याच शिकवतत. म्हणान म्हणतंय, मासो करूचोच नको."

"मालवणात बोलावन मासो वाढूचो नाय?" जानकी म्हणाली. "लोक तोंडात शेण घालतले. अक्षयाच्या."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून मुशी, म्हणजे मोरी, लहान शार्क मासा, घेऊन आली. कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून, गरम मसाला घालून तिनं ती मटणासारखी केली. मालवणात तिला मोरीचं मटणच म्हणतात. गुरुदास नाखुशीनंच बसला. एक घास, एक घोट. त्यानं परत घास घेतला. तिसऱ्या घासाला त्यानं भाकरी मागितली.

"तेल नाय मा हिच्या अंगात," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आणि भाजलेला खोबरा शिराझक धरता. जिभेवर तुरट काय रवणाच नाय."

"आणि वास असो येता," जानकी म्हणाली, "की मसालो वाइनीत घातलो की वाइन मसाल्यात, ता कळना नाय."

काळ्या वाटाण्याचं सांबार तर पहिल्या फटक्यात पास झालं. सोलकढीनं मात्र घात केला. वाइन आणि सोलकढी तोंडात एकत्र आल्या आणि दोन्ही नासल्यासारख्या झाल्या. "ती शेवटाक," गुरुदासनं फर्मान काढलं. "पेले उचलल्यावर." कोंबडीवरून भांडण झालं. तिखटानं वाइन घशात जळते, म्हणून मिरची कमी कर, असं त्याचं म्हणणं. पाहुण्यांना पांचट घालणार नाही, असं तिचं. दोन दिवस ते त्यावरून बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिनं मिरची तेवढीच ठेवून खोबरं वाढवलं आणि वाटी त्याच्यापुढे आदळली. त्यानं खाल्लं, प्याला, आणि मान डोलावली.

एकदा तिची जाऊ किशोरी खवणी परत द्यायला मागल्या दारानं आली, तेव्हा जानकी भर दुपारी पेल्यात नाक घालून डोळे मिटून बसली होती. किशोरी दारातच थिजली.

"काय करतंस गो ह्या?"

"काम," जानकी डोळे न उघडता म्हणाली.

किशोरी खवणी खाली ठेवून म्हणाली, "माका पण बघूया."

जेवणाच्या दिवशी अक्षयानं खाडीकडच्या अंगणात टेबलं मांडली होती. सूर्य कलायला लागला तसे पाहुणे येऊन बसले. गुरुदासनं बोटीवरचं काळं जाकीट घातलं होतं. पोटावरचं बटण लागत नव्हतं म्हणून त्यानं ते उघडंच ठेवलं. वाइन करणारी संचिता पिंगळे दिंडोरीहून आली होती. तिशीतली, उन्हात रापलेली, कमी बोलणारी मुलगी. तिनं द्राक्षांबद्दल थोडकं सांगितलं आणि बाकीचं काकांकडे सोपवलं. गुरुदास उभा राहिला आणि जांभूळ, मिरी, रातांब्याची साल, नवं लाकूड असं एकेक उलगडून सांगू लागला. लोक पेल्यात नाक घालून शोधत होते आणि सापडलं की एकमेकांना सांगत होते. रातांब्याच्या सालीशी संचितानं चमकून वर पाहिलं.

जानकी आत वडे तळत होती. दोघांचं ठरलं होतं: प्रत्येक बाटली आत उघडायची, जानकीनं वास घ्यायचा, तिनं मान हलवली की गुरुदासनं बाहेर न्यायची. सांबार-वडे झाले, मोरी झाली, सगळं सुरळीत चाललं होतं. कोंबडी वाढायच्या वेळी मात्र कढईतलं तेल तापून आलं, वडे फुगायला लागले आणि जानकीला मान वर करायला फुरसत राहिली नाही. नेमकं तेव्हाच कडेच्या टेबलावरून बाटली मागितली गेली. गुरुदासनं एकदा आत पाहिलं, आणि बाटली टेबलावरच, सगळ्यांसमोर, झोकात उघडली. आपल्या पेल्यात थोडी घेऊन चव घेतली. जीभ ठीक म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि पाचही पेले भरले.

जानकी गरम वड्यांचं ताट घेऊन त्या टेबलाशी आली. वाढायला वाकली तर पेल्यातून पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला. तिनं टेबलाभोवती नजर फिरवली. पाचही माणसं मुकाट्यानं, मोठ्या आदरानं पीत होती.

ती गुरुदासजवळ गेली. "ओ, जरा आत येवा."

आत आल्यावर तिनं सांगितलं. गुरुदासचा चेहरा उतरला. "बूच खराब निघाला," तो म्हणाला. "बोटीवर माका ह्यो वास दहा हातांवरून कळायचो."

"दुसरी बाटली मी हुंगून देतंय. गपचूप बदला. कोणाक काय कळूचा नाय."

गुरुदास कट्ट्याला टेकून उभा राहिला. बाहेरून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

"त्येनी अर्धी प्याली गो," तो म्हणाला. "घराकडे जावन सांगतले, नाशकातल्या त्या चेडवाची वाइन गोणपाटासारखी लागता. तिची काय चूक?"

त्यानं जाकीट खाली ओढलं आणि तो बाहेर गेला. जानकी झाऱ्या हातात घेऊन दारापर्यंत त्याच्यामागे आली.

"मंडळी, एक सांगायचं आहे," गुरुदास बोटीवरच्या अदबीनं, शुद्ध मराठीत म्हणाला. "ह्या टेबलावरची बाटली बुचामुळे खराब झाली आहे. दोष वाइनचा नाही. ती मी चाखून पास केली, कारण करोनापासून माझ्या नाकाला वास येत नाही. मघाशी मी जे जे वास सांगितले ते माझ्या बायकोनं घेतलेले आहेत. जीभ तेवढी माझी."

मग त्या टेबलावरचे कोल्हापूरचे निवृत्त बँक अधिकारी पेला खाली ठेवत म्हणाले, "अहो, मी मघापासनं म्हणतोय, वास कसातरीच यायलाय. पण म्हटलं जहाजावरच्या माणसानं मान हलवली म्हणजे भारीच असणार."

"मी बोलायला गेले तर मला म्हणाले, गप बस, आपल्याला त्यातलं कळत नाही," त्यांची बायको म्हणाली.

सगळं अंगण हसलं. गुरुदासही हसला, आधी जरा चाचरत आणि मग मोकळा. कुणीतरी म्हणालं, वहिनींना बाहेर बोलवा. जानकी झाऱ्यासकट बाहेर आली, आणि खराब बाटली आणि चांगली बाटली आळीपाळीनं सगळ्या टेबलांवर फिरली. प्रत्येकाला गोणपाटाचा वास घ्यायचाच होता. वडे त्या नादात थोडे गार झाले, पण एकही उरला नाही.

पाहुणे पांगल्यावर संचिता स्वयंपाकघरात आली आणि पाटावरच बसली. "रातांब्याची साल तुम्ही सांगितलीत?"

"होय."

"ती ग्रेनाशमुळे. मी तिला डाळिंब म्हणायचे, पण मनाला पटत नव्हतं. मिरी मात्र तुम्ही म्हणता तेवढी नाही हं त्यात."

"आसा," जानकी म्हणाली. "भरपूर आसा."

"मला नाही सापडत."

"मगे सर्दी झाली असतली तुका."

संचिता हसली. फेब्रुवारीत पुढच्या वाइनचं मिश्रण ठरवायचं आहे, ती म्हणाली, तुम्ही दोघं दिंडोरीला याल का? जानकी म्हणाली की फेब्रुवारीत काजू पडायला लागतात, जमणार नाही. गुरुदास पेले पुसत राहिला. काजू किशोरी गोळा करेल, असं जानकीनंच मग घरी जाताना रिक्षात सांगून टाकलं.

दिंडोरीला पहाटे दात वाजावेत अशी थंडी होती. जानकीनं गुरुदासचा स्वेटर घातला आणि वेलांच्या रांगांतून हिंडली. शिराझचा एक घड तिनं हातात घेतला. मणी जेमतेम करवंदाएवढे, साल जाड, आत बियाच बिया. "ह्याका द्राक्षा म्हणतत?" ती म्हणाली, आणि तरी आणखी चार खाल्ली.

पिंपांच्या खोलीत संचितानं तिन्ही वाइन वेगवेगळ्या पेल्यांत मांडल्या आणि काचेच्या मापानं मिसळायला सुरुवात केली. गुरुदास चव घ्यायचा, जानकी वास. तो म्हणाला कॅबर्ने कमी कर, जबडा आवळतो. ती म्हणाली कॅबर्नेचं राहू दे, ग्रेनाश वाढव, वास उघडत नाही. दोघं मालवणीत भांडायला लागले तसं तिथली कामगार मंडळी हातातलं काम सोडून ऐकायला आली. संचिताला निम्मंच कळत होतं, पण ती हात आखडता न घेता मापं ओतत राहिली. जेवणाची वेळ टळून गेल्यावर तिनं दोघांचं थोडं थोडं ऐकून एक मिश्रण पक्कं केलं, आणि सगळ्यांनी मिळून काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी खाल्ली.

परतीच्या गाडीत जानकी खिडकीशी बसली होती. "ग्रेनाश अजून थोडी व्हयी होती," ती पनवेलला म्हणाली. चिपळूणलाही म्हणाली. गुरुदास प्रत्येक वेळी नाही म्हणत होता. रत्नागिरी गेल्यावर तो डोळे मिटून बराच वेळ जीभ टाळूवर फिरवत राहिला.

"बरां," तो म्हणाला, "अजून थोडी चालली असती."

जानकीनं लगेच फोन काढला आणि संचिताला लावला.